चार हजार कादंबऱ्यांची लेखिका : कोरीन तेयादो

स्पॅनिश भाषेत विसाव्या शतकात सर्वाधिक खपलेल्या लेखकांमध्ये कोरीन तेयादो यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९४६ मध्ये त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि २००९ मध्ये मृत्यूने गाठेपर्यंत त्या लिहीतच होत्या. या त्रेसष्ट वर्षांत त्यांनी चार हजारांहून अधिक प्रेमकथा लिहिल्या. सरासरी काढली तर दर सहा दिवसांनी एक कादंबरी हातावेगळी झाली. पुस्तकांच्या खपाचा आकडा चाळीस कोटी प्रतींच्या घरात सांगितला जातो. स्पॅनिश भाषेतील सर्वाधिक खपाच्या लेखिका म्हणून १९९४ साली गिनीज बुकानेही त्यांची दखल घेतली. इंग्रजीत विपुल प्रेमकथालेखनासाठी बार्बरा कार्टलंड प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पुस्तकांची संख्या सातशेच्या थोडी वर जाते, यावरून तेयादो यांच्या लेखनाचा आवाका लक्षात यावा.

एवढ्या लेखनाकडे केवळ विक्रम म्हणून पाहिले तर त्यातला महत्त्वाचा भाग निसटतो. घरची गरज, प्रकाशकाशी झालेला करार, हुकूमशाही राजवटीचा सेन्सॉर आणि घराच्या चार भिंतींत अडकलेल्या लाखो वाचक स्त्रिया या साऱ्यांमधून हे लेखन घडले. म्हणूनच त्यांच्या कादंबऱ्यांची कहाणी ही त्या काळातल्या स्पेनचीही कहाणी आहे.

बालपण आणि घर

त्यांचे पाळण्यातले नाव मारिया देल सोकोरो तेयादो लोपेस. 'सोकोरो'चे घरात लाडाने 'सोकोरीन' झाले आणि पुढे त्याचेच 'कोरीन'. २५ एप्रिल १९२७ रोजी उत्तर स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात, विआवेलेस या समुद्रकाठच्या लहानशा कोळीवस्तीत त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी जहाजावर इंजिन विभागात अधिकारी होते. त्यामुळे ते महिनोन् महिने समुद्रावर असत आणि घर आई सांभाळी. पाच भावंडांत कोरीन एकटीच मुलगी होती.

त्या नऊ वर्षांच्या असताना स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. १९३९ मध्ये ते संपले आणि सेनापती फ्रान्को यांची हुकूमशाही सुरू झाली. त्याच वर्षी तेयादो कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेतील कादिस या बंदरात राहायला गेले. तिथे कोरीन यांना वाचनाचा नाद लागला. बाल्झाक आणि डुमा यांच्या कादंबऱ्या त्यांच्या विशेष आवडीच्या होत्या. लिहिण्याची सुरुवातही याच गावात झाली.

१९४५ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि घराचे मिळकतीचे साधन हरपले. युद्धानंतरचा तो काळ स्पेनमध्ये उपासमारीचा होता. रेशनकार्डावर धान्य मिळे, काळा बाजार तेजीत होता. अशा दिवसांत अठरा वर्षांच्या मुलीने हौसेपोटी लिहिलेली कथा ही घराला हातभार लावू शकणारी गोष्ट ठरली.

ब्रुगेरा आणि पहिली कादंबरी

बार्सिलोनातील ब्रुगेरा ही त्या काळातली स्वस्त पुस्तकांची मोठी प्रकाशनसंस्था होती. मुलांची चित्रमासिके, काऊबॉयच्या साहसकथा, हेरकथा आणि प्रेमकथा असा सर्व माल तिथून देशभर जाई. कोरीन यांची 'अत्रेविदा अपुएस्ता', म्हणजे 'धाडसी पैज', ही कादंबरी ब्रुगेराने १९४६ मध्ये छापली. तिचे त्यांना तीन हजार पेसेता मिळाले. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

पुस्तक चालले आणि प्रकाशकाने आणखी मागितले. लवकरच नियमित लेखनाचा करार झाला. १९४८ मध्ये त्या विआवेलेसला परतल्या आणि तिथूनच टपालाने हस्तलिखिते बार्सिलोनाला जाऊ लागली. ब्रुगेराच्या 'पिंपिनेला', 'कामेलिया', 'कोराल' अशा फुलापोवळ्यांच्या नावांच्या मालिकांमधून त्या पुढची कित्येक वर्षे दर आठवड्याला वाचकांसमोर येत राहिल्या. याच संस्थेसाठी मार्सियाल लाफुएन्ते एस्तेफानिया हे लेखक काऊबॉयच्या कादंबऱ्या अशाच झपाट्याने लिहीत होते. पुरुष वाचकांसाठी एस्तेफानिया आणि स्त्री वाचकांसाठी तेयादो, अशी जणू प्रकाशकाने वाटणीच केली होती.

स्टॉलवरचे पुस्तक

ही पुस्तके मोठ्या ग्रंथभांडारात मांडली जात नसत. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, रेल्वे स्थानकात, वाण्याच्या दुकानात ती दोरीला लटकलेली असत. खिशात मावेल असा आकार, शंभर-सव्वाशे पाने, हलका पिवळट कागद आणि मुखपृष्ठावर रंगीत चित्रातली तरुणी, असे त्यांचे रूप असे. पाच पेसेतांच्या नाण्याला स्पेनमध्ये 'दुरो' म्हणत. साधारण तेवढीच किंमत असल्याने अशा पुस्तकांना 'दुरोची कादंबरी' हेच नाव पडले होते.

पाच पेसेताही ज्यांना जड जात, त्यांच्यासाठी अदलाबदलीची सोय होती. वाचून झालेली कादंबरी स्टॉलवाल्याला परत द्यायची, वर किरकोळ पैसे मोजायचे आणि दुसरी घेऊन जायची. या व्यवहारामुळे एकेक प्रत कित्येक घरांत फिरे. शिवणकाम करणाऱ्या, कारखान्यात राबणाऱ्या, मोलकरणी म्हणून शहरात आलेल्या मुली आणि मध्यमवर्गीय गृहिणी अशा सर्व थरांत तेयादो यांचे नाव पोचले ते या मार्गाने. छापील खपाच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष वाचकसंख्या कितीतरी मोठी असणार, हे उघड आहे.

लेखनाची रीत

दर आठवड्याला कादंबरी देणे हे स्फूर्तीवर विसंबून जमणारे काम नव्हते. तेयादो पहाटे पाचच्या सुमारास उठत आणि टंकलेखन यंत्रासमोर बसत. दुपारपर्यंत लेखन चाले. कथेचा आराखडा मनात तयार असे, कागदावर टिपणे काढण्याची त्यांना गरज वाटत नसे. दोन-तीन दिवसांत मजकूर पूर्ण झाला की पाकीट टपालात पडे आणि नवीन कागद यंत्राला लागे.

या गतीची छाप त्यांच्या शैलीवर स्पष्ट दिसते. निसर्गवर्णने, घराण्यांचे इतिहास, लांबलचक प्रस्तावना यांना त्यांच्या कादंबरीत जागा नाही. पहिल्याच पानावर दोन माणसे बोलत असतात आणि त्यांच्या बोलण्यातूनच काय बिघडले आहे ते वाचकाला कळते. बहुतेक पाने संवादांनी भरलेली असतात. वाक्ये छोटी, परिच्छेद त्याहून छोटे. दिवसभराच्या कामातून मिळालेल्या अर्ध्या तासात वाचणाऱ्या स्त्रीला ही मांडणी सोयीची होती. पुस्तक मध्येच मिटले तरी धागा तुटत नसे. घाईमुळे शब्दांची पुनरुक्ती होई आणि काही प्रसंग एका कादंबरीतून दुसरीत जसेच्या तसे येत, ही उणीवही तितकीच खरी आहे. पण संवादातून कथा पुढे नेण्याचे त्यांचे कसब पक्के होते.

सेन्सॉरची कात्री

फ्रान्कोच्या राजवटीत १९३८ च्या मुद्रण कायद्याने प्रत्येक मजकुरावर प्रकाशनपूर्व तपासणी लादली होती. राजकीय लेखनाइतकेच लक्ष नीतिमत्तेकडे असे आणि चर्चची शिकवण हा त्यातला मापदंड होता. चुंबन किती लांबावे, पलंगाचा उल्लेख यावा की नाही, विवाहित स्त्रीच्या मनात परपुरुषाचा विचार डोकावावा की नाही, या सर्वांवर सेन्सॉरची नजर असे. घटस्फोट, गर्भपात, आत्महत्या हे विषय तर जवळपास बंदच होते.

तेयादो यांची हस्तलिखिते अनेकदा खुणांनी भरून परत येत. एकेका पानावर इतक्या ओळी अधोरेखित केलेल्या असत की शिल्लक काय ठेवायचे हा प्रश्न पडे. काही कादंबऱ्या तर सरसकट नामंजूर होत. साप्ताहिक वेळापत्रक पाळणाऱ्या लेखिकेला हे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी वेगळा मार्ग काढला. जे सांगता येत नाही ते सुचवायचे. दार बंद होते, प्रकरण संपते. पुढचे प्रकरण सकाळच्या चहाने सुरू होते आणि नायिकेच्या आवाजातला बदल वाचकाला सारे सांगून जातो. सूचकतेने लिहायला आपल्याला सेन्सॉरनेच शिकवले, असे त्या पुढे मुलाखतींतून सांगत. क्युबन लेखक गिलेर्मो काब्रेरा इन्फान्ते यांनी त्यांना 'निष्पाप अश्लीललेखिका' म्हटले ते याच गुणामुळे. काहीही उघड न लिहिता शारीर ओढीची जाणीव करून देणे त्यांना साधले होते.

१९६६ च्या नव्या मुद्रण कायद्याने सक्तीची पूर्वतपासणी हटवली आणि १९७५ मध्ये फ्रान्कोच्या मृत्यूनंतर बंधने आणखी सैल झाली. त्या मोकळ्या वातावरणात तेयादो यांनी 'आदा मिलर' या टोपणनावाने काही शृंगारिक कादंबऱ्या लिहून पाहिल्या. पण वाचकांच्या मनात घर करून राहिल्या त्या त्यांच्या सूचक कथाच.

कथेची घडण आणि त्यातली स्त्री

इंग्रजी प्रेमकथांत ड्यूक, घोडागाड्या आणि जुने राजवाडे वारंवार येतात. तेयादो यांनी हा ऐतिहासिक थाट बहुतेक बाजूला ठेवला. त्यांच्या कथा त्यांच्याच काळात घडतात. नायक कारखानदार, अभियंता, डॉक्टर किंवा जहाजमालक असतो. नायिका कधी श्रीमंत घरातली, कधी कार्यालयात टंकलेखन करणारी किंवा शिकवण्या घेणारी. पात्रे मोटार चालवतात, सिगारेट ओढतात, विमानाने प्रवास करतात. अनेक कथा इंग्लंड-अमेरिकेत घडतात आणि पात्रांची नावेही तिकडचीच असतात. परदेशी पार्श्वभूमीमुळे सेन्सॉरपासून थोडी मोकळीक मिळे आणि वाचकाला ऐश्वर्याचे दर्शन घडे.

कथानकाचा एक साचा त्यांनी शेकडो प्रकारे वापरला. वडिलांचे कर्ज, मृत्युपत्रातली अट किंवा घराण्याची अब्रू यांपायी दोन अनोळखी माणसांचे लग्न होते. प्रेमाचा पत्ता नसतो. एका छताखाली राहताना दोघांचा अहंकार आडवा येतो, गैरसमज वाढतात आणि शेवटी दोघांपैकी एक जण मन मोकळे करतो. रूढ प्रेमकथा लग्नाच्या मांडवात संपते, तर तेयादो यांची कथा बहुधा लग्नानंतर सुरू होते. त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म इथेच आहे. त्यांच्या वाचक स्त्रिया मोठ्या संख्येने विवाहित होत्या आणि नवऱ्याशी मनमोकळे बोलता न येणे हे त्यांच्या रोजच्या जगण्यातले दुःख होते.

त्या स्त्रियांची कायद्यातली स्थिती पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. दुसऱ्या स्पॅनिश प्रजासत्ताकाने १९३२ मध्ये दिलेला घटस्फोटाचा हक्क फ्रान्कोने रद्द केला. विवाहित स्त्रीला नोकरी धरायला, बँकेत खाते उघडायला, पारपत्र काढायला नवऱ्याची परवानगी लागे आणि ही अट १९७५ पर्यंत कायम होती. अविवाहित मुलीला सज्ञान झाल्यावरही पंचविशीपर्यंत आईवडिलांच्या संमतीवाचून घर सोडता येत नसे. अशा समाजात तेयादो यांची नायिका स्वतःच्या पगारावर जगते, नवऱ्याला उलट प्रश्न विचारते आणि आपल्यावर प्रेम केले जावे अशी मागणी करते. शेवट रूढीला धरूनच होतो, कारण कुटुंब टिकते आणि नवराच घराचा प्रमुख राहतो. पण मधल्या शंभर पानांत स्त्रीच्या इच्छेला बोलायला जागा मिळते. त्या काळात एवढी जागा इतरत्र फारशी नव्हती.

अटलांटिकपलीकडे

स्पेनबाहेर त्यांचे नाव नेले ते 'वानिदादेस' या स्त्रियांच्या मासिकाने. हे मासिक क्युबातील हवाना येथून निघे आणि लॅटिन अमेरिकेत दूरवर जाई. १९५१ पासून तेयादो यांच्या कादंबऱ्या त्यात येऊ लागल्या आणि मासिकाचा खप सोळा हजारांवरून अडुसष्ट हजारांवर गेला, असे सांगितले जाते. तरुणपणी काब्रेरा इन्फान्ते यांनी या कथांची मुद्रिते तपासली होती. क्युबातील क्रांतीनंतर मासिकाचे बस्तान अमेरिकेत हलले तरी तेयादो यांचे सदर सुटले नाही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत घरोघरी त्यांचे नाव झाले.

छायाचित्रांच्या चौकटींतून गोष्ट सांगणाऱ्या 'फोटोनोव्हेला'ने त्यांच्या कथा अल्पशिक्षितांपर्यंत नेल्या. रेडिओ, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिकांनीही त्या उचलल्या. स्पॅनिशमध्ये सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांत सेर्व्हान्तेस यांच्या जोडीला तेयादो यांचे नाव असल्याच्या युनेस्कोच्या १९६२ मधील नोंदीचा दाखला त्यांच्याविषयीच्या लेखनात नेहमी दिला जातो. पुढे लॅटिन अमेरिकेतील 'टेलिनोव्हेला' हा मालिकांचा प्रकार जगभर गेला. त्याच्या जडणघडणीत तेयादो यांच्या कथांचाही वाटा मानला जातो.

संसार आणि स्वावलंबन

१९५९ मध्ये त्यांचा विवाह झाला. एक मुलगी आणि एक मुलगा झाल्यावर थोड्याच वर्षांत पतिपत्नी वेगळे झाले. त्या वेळी स्पेनमध्ये घटस्फोटाचा कायदा नव्हता, तो १९८१ मध्ये आला. हजारो कथांतून सुखी शेवट लिहिणाऱ्या लेखिकेच्या वाट्याला तो आला नाही. मुलांना घेऊन त्या आस्तुरियासमधीलच हिहोन या शहरात राहिल्या आणि लेखणीच्या बळावर घर चालवले. पतीवाचून, स्वतःच्या कमाईवर जगणारी आई हे त्या काळच्या स्पेनमध्ये क्वचित दिसणारे चित्र होते.

व्यवहारात मात्र त्यांना प्रकाशकाच्या अटींशी झगडावे लागले. मधल्या काळात त्यांनी इतर प्रकाशकांसाठी लिहिले, ब्रुगेराशी वाद न्यायालयापर्यंत गेला आणि पुढे पुन्हा त्याच संस्थेशी करार झाला. १९८० च्या दशकात ब्रुगेराच डबघाईला येऊन बंद पडली. दूरचित्रवाणीने स्टॉलवरच्या कादंबरीचा वाचक हिरावून घेतला होता. तेयादो यांनी लेखन थांबवले नाही. मासिके आणि नवे प्रकाशक यांच्यासाठी त्या लिहीत राहिल्या. आपण स्वतः भाबड्या स्वप्नाळू नाही, असे त्या बजावून सांगत. स्पेनमध्ये प्रेमकथेला 'गुलाबी कादंबरी' म्हणतात. ते बिरुद त्यांना पसंत नव्हते. आपण भावनांच्या कादंबऱ्या लिहितो, असे त्यांचे म्हणणे होते.

समीक्षकांची दृष्टी

बराच काळ विद्यापीठांनी आणि समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. स्टॉलवरचे पुस्तक हे साहित्य नव्हे, अशी समजूत होती. १९६८ मध्ये आंद्रेस आमोरोस या अभ्यासकाने त्यांच्या निवडक कादंबऱ्या घेऊन गुलाबी कादंबरीचे समाजशास्त्र मांडणारे पुस्तक लिहिले. पात्रांचे पैसे, कपडे, मोटारी, पुरुषाचे वर्चस्व आणि लग्नाविषयीच्या कल्पना यांची त्यांनी तपासणी केली. या कथा वाचकाला उपभोगाचे स्वप्न दाखवतात आणि रूढ व्यवस्था जपतात, हा आक्षेप त्यानंतरच्या अभ्यासांत वारंवार आला.

दुसरी बाजू पेरूचे कादंबरीकार मारिओ वार्गास योसा यांनी मांडली. दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमासाठी ते १९८१ मध्ये त्यांची मुलाखत घ्यायला आस्तुरियासला गेले होते. स्पॅनिश साहित्याच्या सुवर्णयुगानंतर या भाषेने पाहिलेली बहुधा सर्वांत मोठी सामाजिक-सांस्कृतिक घटना म्हणजे कोरीन तेयादो, असा त्यांचा अभिप्राय होता. हा अभिप्राय वाङ्मयीन उंचीविषयी नव्हता. ज्यांनी एरवी एकही पुस्तक हाती धरले नसते, अशा माणसांना वाचनाची सवय या लेखिकेने लावली, हा त्यांचा मुद्दा होता.

अखेरची वर्षे

१९९५ पासून मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांना नियमित डायलिसिस घ्यावे लागे. टंकलेखन यंत्रासमोर तासन् तास बसणे अशक्य झाले, तेव्हा त्या सुनेला मजकूर सांगू लागल्या. २००० साली त्यांची एक कादंबरी इंटरनेटवरून प्रसिद्ध झाली. पिवळट कागदावर सुरू झालेला प्रवास अशा रीतीने संगणकाच्या पडद्यापर्यंत पोचला. ११ एप्रिल २००९ रोजी हिहोन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वयाची ब्याऐंशी वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा दोन आठवडे बाकी होते. 'वानिदादेस'साठीचे लेखन त्यांनी मृत्यूच्या थोडेच दिवस आधीपर्यंत पाठवले होते.

तेयादो यांच्या चार हजार कादंबऱ्यांपैकी एखादीला अभिजात म्हणावे का, यावर मतभेद राहतील. पण त्यांच्या कामाचे मोल सुट्या पुस्तकावर ठरवणे योग्य नाही. गरिबी, सेन्सॉर आणि स्त्रीला दुय्यम ठरवणारे कायदे या तिन्हींच्या कचाट्यातल्या समाजात एका स्त्रीने सहा दशके लेखनावर चरितार्थ चालवला आणि कोट्यवधी स्त्रियांच्या हाती पुस्तक दिले. स्पॅनिश भाषेतील वाचनाचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येणार नाही.